इंजिन न उतरवता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणजे सांगायची सोय तिथेही संपली. भाऊजींना सांगायला हवं होतं — त्यांना तर सगळ्यात आधी — पण त्यांच्यासमोर मी धडधडीत उलटं बोललो. मुलांना सांगण्यात अर्थ नाही, त्यांना गाडीचं बॉनेट कुठून उघडतं तेही ठाऊक नसतं. राहिलात तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसाला बोलता बोलता माझा चेहरा दिसला असता, आणि माझा चेहरा सज्जन आहे असं सगळे म्हणतात.

स्वारगेटच्या अलीकडे एका बोळात आमचं गॅरेज होतं. माझं आणि भाऊजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ते दिवस. चारचाकी गाड्या मोजक्या आणि त्यातल्या बऱ्याचशा म्हाताऱ्या. म्हातारी गाडी निळा धूर ओकायला लागली की इंजिन बोअर करावं लागे. म्हणजे आतून झिजलेले सिलिंडर कातून पुन्हा गोल करायचे आणि त्यात जरा मोठे पिस्टन बसवायचे. सगळं पुणं त्यासाठी इंजिन गाडीतून उतरवायचं, ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवायचं आणि गिऱ्हाइकाला हेलपाटे घालायला लावायचं. आम्ही उतरवत नव्हतो. भाऊजींनी बोअरिंगचं एक छोटं यंत्र कुठूनसं मिळवलं होतं. ते गाडीतल्या ब्लॉकवरच बोल्टने आवळायचं आणि जागच्या जागी सिलिंडर कातायचे. दारावरची पाटी मी रंगवून घेतली होती : ‘इंजिन न उतरवता बोअर करून मिळेल. कसे ते विचारू नये.’

आता तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिलिंडर कातताना लोखंडाचा कीस खाली पडतो. खाली असतो क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो वाकडा दांडा, आणि त्याच्याही खाली चेंबर, म्हणजे ज्यात इंजिनचं ऑइल साठतं ते पत्र्याचं भांडं. काम सुरू करण्याआधी चेंबर काढून ठेवायचा आणि क्रँकला कापड गुंडाळायचं, म्हणजे कीस त्याच्यावर पडेल. भाऊजी त्यासाठी माझ्या बहिणीचं जुनं चौकड्याचं लुगडं घ्यायचे आणि दर सिलिंडरखाली त्याचा एक तुकडा बांधायचे. काम झालं की ते तुकडे सोडवून बाकड्यावर पसरायचे आणि काठाला काठ, चौकडीला चौकडी लावून बघायचे. लुगडं पुरं जुळलं तरच चेंबर चढवायचा. नाही जुळलं तर खाली आडवं होऊन शोधायचं, मग रात्र होवो नाहीतर दिवस उजाडो. दुसऱ्या गॅरेजात ‘झालं का काम?’ असं विचारत असतील. आमच्याकडे ‘जुळलं का?’ असं विचारायचे.

मला याची थट्टा करायची फार खोड होती. ‘भाऊजी, गाडी दुरुस्त करताय की ताईला नवीन लुगडं शिवताय?’ ते हसायचे आणि तुकडे लावत राहायचे.

हडपसरजवळच्या मांजरी गावच्या ज्ञानोबाची ॲम्बॅसडर आली तेव्हा भाऊजी कुणाच्या तरी लग्नाला परगावी गेले होते. ज्ञानोबा ऊसवाला. वडील — त्यांना सगळे आण्णा म्हणत — अजून कर्ते होते, पण गाडी ज्ञानोबाची. गावात तेवढी एकच गाडी, त्यामुळे नवरी आणायची असो की पेशंट न्यायचा असो, ज्ञानोबालाच हाक. गाडीचं त्याला वेड होतं. रोज सकाळी धार काढायच्या आधी तो बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढून बघायचा. या पट्टीवर ऑइल किती आहे ते दिसतं. ‘म्हशीआधी हिची चौकशी,’ असं तो स्वतःच सांगायचा.

भाऊजी येईपर्यंत मी थांबू शकलो असतो. का नाही थांबलो? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की गिऱ्हाईक अडलं आहे. खोटं. मला दाखवायचं होतं की हे काम मी एकटा करतो, आणि पटकन करतो.

काम चांगलं झालं. तेही सांगायला हवं, कारण ते खरं आहे. सिलिंडर आरशासारखे निघाले. संध्याकाळ होत आली होती. नाटकाची तिकिटं काढलेली होती, आणि बायको तयार होऊन घरी बसली असणार हे मला दिसत होतं. गाडीखाली आडवा होऊन मी तुकडे सोडवले, बाहेर येऊन बाकड्यावर टाकले. सवयच होती — लावून बघितले.

एका तुकड्याचा कोपरा नव्हता.

तळहाताएवढा. यंत्राच्या पात्याला अडकून फाटला असणार. मग गेला कुठे? किसाबरोबर गाडीखाली ठेवलेल्या ट्रेमध्ये पडला असेल आणि ट्रे मी मघाशीच रिकामा केला असेल. असेल. हा शब्द मी तेव्हा मनात किती वेळा म्हणालो! खरं करायला हवं होतं ते एवढंच — पुन्हा खाली आडवं व्हायचं, क्रँक हाताने फिरवायचा, आतल्या खाचाखोचांत बोट घालायचं. तासाभराचं काम. नाटकाचा पहिला अंक गेला असता.

मी चेंबर चढवला. तुकडे गोळा करून चुलीत घालायच्या चिंध्यांत टाकले. ऑइल भरलं, गाडी सुरू केली आणि ती इतकी गोड चालली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. हो, अभिमान वाटला. नाटकही आवडलं.

भाऊजी परत आले. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, ‘जुळलं का?’

मी म्हणालो, ‘जुळलं.’

गाडी काही आठवडे उत्तम चालली. मी त्या कोपऱ्याला विसरलोही. त्याची बोचणी मला पहिल्या दिवसापासून होती असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं.

मग ज्ञानोबाच्या धाकट्या भावाला, बबनला, उसाला पाणी धरताना पान लागलं. साप चावला असं खेड्यातली माणसं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. ज्ञानोबाने त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं. बबनची बायको सुमन शेजारी बसली, तेव्हा तिला दिवस गेलेले होते. आणि ज्ञानोबाने गाडी पुण्याच्या दवाखान्याकडे सोडली. हडपसर ओलांडल्यावर इंजिन खडखडलं आणि जाम झालं. गाडी जागच्या जागी उभी. ती दोघं रस्त्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत राहिली. एक भाजीचा टेम्पो थांबला. दवाखान्यात पोचेपर्यंत बबन गेला होता. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. डॉक्टर हे नेहमीच म्हणतात, पण ते वाक्य कुणाच्या तरी अंगावर पडतं ना?

दिवस-कार्य उरकल्यावर गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून माझ्याकडे ओढत आणली. स्टिअरिंगवर ज्ञानोबा. डोकं भादरलेलं, त्यावर टोपी. बरोबर आण्णा आणि भावकीतले दोघंतिघं. आण्णा म्हणाले, ‘शेठ, मला एवढंच सांगा. गाडी आमच्या करमानं बंद पडली का कुनाच्या चुकीनं?’

मी त्यांना समोरच्या हॉटेलात चहाला पाठवलं. भाऊजी त्या दिवशी बहिणीला घेऊन दवाखान्यात गेले होते. म्हणजे मी एकटाच. मी गाडीखाली गेलो, ऑइल सोडलं, चेंबर काढला.

ऑइल भरपूर होतं. हवं तेवढं, काठोकाठ. आणि ऑइल वर ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडावर जी जाळी असते, तिला तो कोपरा चिकटलेला होता. काळा झालेला, पण चौकडी दिसत होती. इतके दिवस वरच्या कुठल्याशा खाचेत अडकून बसला असणार आणि त्या दिवशी सुटला. खाली ऑइल होतं, पण वर एक थेंब चढत नव्हता.

मी तिथे पाठीवर पडून होतो. किती वेळ — माहीत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं दिसत होती. एकदा मनात आलं की असंच बाहेर जावं आणि तो कोपरा आण्णांच्या हातावर ठेवावा. खरंच आलं होतं मनात. पण मला ती पाटी दिसली, बोळातले शेजारचे गॅरेजवाले दिसले, भाऊजींचा चेहरा दिसला. आणि मला भीती वाटली. दुसरं काही नाही. एका मेलेल्या पोरापेक्षा मला माझ्या अब्रूची काळजी जास्त होती.

कोपरा मी खिशात घातला. ऑइल टाकाऊ ऑइलच्या पिंपात ओतलं. हात पुसत बाहेर आलो.

‘चेंबर कोरडा आहे,’ मी म्हणालो.

 मग मी — हे मला अजून कानात ऐकू येतं — अगदी डॉक्टरच्या आवाजात ज्ञानोबाला विचारलं, ‘ऑइलचा लाल दिवा लागला होता?’

‘लागला व्हता,’ तो म्हणाला. ‘पन बबन तोंडातनं फेस काढत व्हता, शेठ. मी कसा थांबू?’

‘दिवा लागल्यावर गाडी चालवायची नसते, ज्ञानोबा.’

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आण्णांनी फक्त मान फिरवली. मी ज्ञानोबाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘होतं असं. कुणाच्याही हातून होतं. मनाला लावून घेऊ नका.’ मी त्याला क्षमा केली, लक्षात येतंय ना तुमच्या? त्याला. मी.

इथे थांबता आलं असतं तरी माझ्या वाट्याला पुरेसं होतं. पण मी इथे थांबलो नाही.

मांजरीत तेव्हाही जमीन ही जमीन होती. आण्णांना दोनच मुलगे. धाकटा गेला. आणि मग लोक कुजबुजायला लागले की रोज पट्टी ओढून बघणारा माणूस नेमका त्याच दिवशी ऑइल बघायला कसा विसरला? वाटणी वाचली की. हे कुणी आधी म्हटलं कोण जाणे, पण सुमनच्या कानावर गेलं. ती बाळंत होऊन, मुलाला पोटाशी धरून एका दुपारी गॅरेजवर आली. तिचा भाऊ बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. भाऊजी आत सामान लावत होते. ती बसली नाही. पदर सावरून उभ्याउभ्याच तिने विचारलं, ‘दादा, तुमाला गाडीतलं समदं कळतं. ऑइल कुनी मुद्दाम काढून ठिवू शकतं का?’

बघा, काय विचारलं होतं तिने. नाही म्हणायचं होतं. एवढंच. ‘नाही, वहिनी, ज्ञानोबाने तसं काही केलेलं नाही.’ खरं सगळं सांगायचं धैर्य नसेल तर नसो, पण एवढं तरी? तेवढ्याने माझं काही बिघडत नव्हतं. मग मी का नाही म्हटलं? कारण ती पुढे विचारेल की तुम्हाला काय माहीत. आणि भाऊजी आतून ऐकत होते.

मी म्हणालो, ‘काढता येतं, वहिनी. पण काढलं का, ते मी कसं सांगू?’

तिने मुलाचं टोपडं नीट केलं आणि गेली. भाऊजी बाहेर येऊन म्हणाले, ‘असं कशाला म्हणालास रे? ज्ञानोबा तसला माणूस नाही.’ मी म्हणालो, लोकांच्या घरच्या भानगडी आपल्याला काय ठाऊक.

सुमन माहेरी गेली. पुढे आण्णा वारले तेव्हा तिने वकील लावून मुलाचा हिस्सा मागितला. ज्ञानोबाने वाद न घालता सह्या केल्या, चांगली पाण्याखालची बाजू तिला दिली. त्यावरही लोक म्हणाले, खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून देतोय. तिने ती जमीन एका बिल्डरला विकली आणि पुन्हा त्या घराचा उंबरा चढली नाही. पुतण्याचं तोंड ज्ञानोबाने परत बघितलं नाही.

त्याने गाडीही परत चालवली नाही. पुण्यात काम असलं की बसने स्वारगेटला उतरायचा आणि हमखास गॅरेजवर यायचा. का यायचा? कारण, तो म्हणायचा, शेठ, एक तुम्हीच माझ्याशी नीट बोलता. मी त्याला चहा मागवायचो. हंगामात तो गुळाची ढेप आणायचा आणि मी ती घरी न्यायचो.

पहिल्या पहिल्यांदा तो एकच विचारायचा. ‘शेठ, त्या सकाळी मी पट्टी बगितली व्हती. ऑइल खुणेवर व्हतं. मग ग्येलं कुटं?’

मी म्हणायचो, ‘आदल्या दिवशी बघितलं असेल. रोजचंच काम, माणसाचा गोंधळ होतो.’

‘न्हाई वो. त्याच दिवशी. हातातली पट्टी पुसली ती बबनच्याच टावेलाला. तो वरडला मला.’

‘गोंधळ होतो, ज्ञानोबा.’

असं किती वर्षं चाललं! हळूहळू त्याच्या बोलण्यात ‘वाटतं’ आलं. बघितली व्हती वाटतं. मग टॉवेल गाळला गेला. मग बबनचं ओरडणं गेलं. माझ्या डोळ्यांसमोर, माझा चहा पीत, तो माणूस स्वतःची खरी आठवण पुसत गेला, आणि तिच्या जागी मी दिलेली ठेवत गेला. दर वेळी मी थोडी मदत केली. इंजिनात राहिलेला कोपरा ही चूक होती. कदाचित तुम्ही ती माफही कराल, मला कळत नाही. पण हे मी बसून, शुद्धीत, बिस्किटं पुढे करत केलं.

शेवटी एकदा तो आला तेव्हा भाऊजी हयात नव्हते आणि गॅरेजही मी विकायला काढलं होतं. तो म्हातारा दिसत होता. चहा घेतला आणि शांतपणे म्हणाला, ‘शेठ, आता मला आठवतंय. मी त्या दिवशी ऑइल बगितलंच नव्हतं. बबनला मीच मारला.’

मी काय म्हणालो असेन? काही नाही म्हणालो. कप उचलून बशीत ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी तो गेल्याचं कळलं. मी मांजरीला गेलो. ऊस नव्हताच आता तिथे फारसा, इमारती उठल्या होत्या. त्याच्या मुलीने मला ओळखलं आणि चार बायकांना सांगितलं की हे शेठ, दादांचे फार जिवाभावाचे. बायकांनी मला खुर्ची दिली. मी बसलो.

तो कोपरा मी कधीच टाकून दिला. ज्या दिवशी खिशात घातला त्याच दिवशी, सारसबागेजवळच्या उकिरड्यावर. दाखवायला माझ्याकडे काहीही नाही. तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका.

मी बिबवेवाडीत राहतो. सुमन आणि तिचा मुलगाही इथेच, तीन गल्ल्या सोडून राहतात. जमिनीच्या पैशांतून त्यांनी फ्लॅट घेतला, हे मला खूप उशिरा कळलं. मी तिला लांबून बघतो. कधी बँकेत, कधी देवळाच्या पायरीवर. ती मला ओळखत नाही. माझे केस गेले, पाठ वाकली, तिच्या डोळ्यांचंही वय झालं.

परवा भाजी घेताना ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बरोबर नातू होता. मेथीची जुडी माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘दादा, चष्मा घरी राहिला बघा. कोवळी हाय का ही?’

मी जुडीकडे न बघताच म्हणालो, ‘कोवळी आहे.’

तिने माझ्या सांगण्यावरून दोन जुड्या घेतल्या, नातवाचा हात धरला आणि रस्ता ओलांडून गेली. मी तिला हाक मारली नाही.